उन्हाळ्यात साइट चालवताना: मजुरांना ऊन लागू नये म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

विदर्भातल्या बहुतेक साइटवर उन्हाळ्याची तयारी म्हणजे पाण्याचे दोन जास्तीचे जार, ओआरएसचा एक डबा आणि मुकादमाची ‘पाणी पीत राहा रे’ अशी हाक. एवढ्यावर मे महिना निघत नाही. पाणी महत्त्वाचं आहेच, पण ते तिसऱ्या नंबरावर येतं. आधी कामाची वेळ, मग विश्रांतीचे पैसे, मग सावली-पाणी, आणि त्यानंतर नव्या माणसाचा भार. आणि माणूस पडलाच तर आधी अंग थंड करणं, नंतर गाडी. हे क्रम उलटे होतात म्हणून घात होतो.

हा लेख छोटे ठेकेदार, साइट इंजिनिअर, मुकादम आणि स्वतः उभं राहून घर बांधून घेणाऱ्यांसाठी आहे. नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या पट्ट्यातला कोरडा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. कोकणपट्टीसाठी वेगळं काय करायचं ते शेवटाकडे आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. पेपरात छापून येणारं ४५ अंश हे सावलीतलं, हवा खेळत्या पेटीतलं तापमान असतं. तुमचा सेंट्रिंगवाला उघड्या स्लॅबवर, तापलेल्या सळयांच्या जाळीत वाकून बसलेला असतो. वरून ऊन, खालून प्लेटची धग, आणि स्वतःच्या मेहनतीची उष्णता वेगळीच. त्याच्यासाठी तो आकडा ४५ नसतो.

टप्पा १: मार्च संपायच्या आत वेळापत्रक बदला

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुपारी १ ते २ जेवणाची सुट्टी देऊन ‘उन्हात काम बंद ठेवतो’ असं समजणं. सूर्य सव्वाबाराच्या आसपास माथ्यावर येतो खरा, पण हवा सर्वांत जास्त तापते ती ३ ते ४ च्या सुमाराला. म्हणजे २ वाजता कामाला लावलेला माणूस दिवसातल्या सर्वांत वाईट तासांत, तेही भरल्या पोटी, घमेली उचलतो.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मी लावतो तो बेत असा:

१. पावणेसहाला हजेरी, पाणी, त्या दिवसाच्या कामाची वाटणी.
२. ६ ते ११ जड आणि उघड्यावरची कामं.
३. ११ ते साडेचार काम बंद. जेवण, झोप, आंघोळ.
४. साडेचार ते ७ खालच्या मजल्यांवरची, सावलीतली कामं.

वस्तीत काम असेल तर रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे नियम लागू असतात. कटर, मिक्सर, ब्रेकर ६ च्या आधी सुरू करू नका. पण माल वर चढवणं, आखणी, क्युरिंगचं पाणी मारणं ही कामं उजाडताच करता येतात. मे महिन्यात नागपुरात साडेपाचनंतर चांगलं दिसायला लागतं.

वेळेबरोबर जागाही फिरवा. पश्चिमेची भिंत सकाळी प्लास्टर करायची आणि पूर्वेची संध्याकाळी. उलट केलं तर दोन्ही वेळा ऊन पाठीवर. संध्याकाळी उघड्या स्लॅबवर माणूस चढवू नका, दिवसभर प्यायलेली उष्णता तो ७ नंतरही सोडत असतो. नुकत्याच भरलेल्या सर्वांत वरच्या स्लॅबखालचा मजला सावलीत असला तरी भट्टीच असतो. खऱ्या अर्थाने थंड म्हणजे तळमजल्याच्या आतल्या खोल्या. तिथली कामं राखून ठेवा: पुट्टी, लाइटच्या पाइपांसाठी झिरी मारणं, फरशी. पाण्याच्या टाकीच्या आतलं वॉटरप्रूफिंग किंवा तिथली शटरिंग काढणं उन्हाळ्यात सकाळीच, आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवूनच.

स्लॅब भरण्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण एकदा सुरू केलेला स्लॅब मध्येच सोडता येत नाही. ‘होऊन जाईल अकरापर्यंत’ म्हणत ८ ला सुरू झालेलं कास्टिंग २ पर्यंत लांबतं, आणि सांधा पडेल या भीतीने कोणी खाली उतरत नाही. म्हणून:

- मोठा स्लॅब असेल तर संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे सुरू करा. आवाजाची आणि इतर परवानगी, पुरेसे दिवे आणि वायब्रेटरचं जास्तीचं यंत्र आदल्या दिवशीच बघा.
- एक टोळी भरते, दुसरी सावलीत बसते. अर्ध्या-पाऊण तासाने बदली. एकाच टोळीवर उन्हाळी स्लॅब भरायचा नाही.
- आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी उशिरा आली तर काय, हे आधी ठरवा. सांधा कुठे थांबवायचा ते इंजिनिअरकडून आदल्या दिवशी खुणा करून घ्या, म्हणजे ११ वाजता थांबणं शक्य होतं.

यात मालकाला समजावण्याची एक सोयही आहे. हवा ४० अंशांपुढे गेली की काँक्रीटसाठीसुद्धा वेगळी काळजी सांगितलेली आहे: पाणी लवकर उडतं, माल घट्ट होतो, वर बारीक तडे जातात. मजुरांच्या नावाने न ऐकणारा मालक तड्यांच्या नावाने ऐकतो. मला दोन्ही चालतं.

तपासा: वेळापत्रक हिंदीत आणि मराठीत लिहून गेटवर लावलंय का? आरएमसीवाला, मालाच्या गाड्या, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना नव्या वेळा कळवल्यात का? वाळूची गाडी दीडला आली तर ती उतरवायला तुम्हीच माणसं उन्हात पाठवाल.

टप्पा २: विश्रांतीचे पैसे आधी ठरवा

हा टप्पा सगळे गाळतात. प्लास्टर चौरस फुटावर, सळई वजनावर, वीट हजारी भावावर दिली असेल, तर बसलेला प्रत्येक क्षण मजुराच्या खिशातून जातो. मग तुम्ही कितीही सावली करा, तो बसणार नाही. चक्कर आली तरी ‘जरा हात मारून घेतो’ म्हणेल.

कडक उन्हाच्या आठवड्यांत अंगावरच्या कामाऐवजी रोजी लावा. ते जमत नसेल तर दर ठरवतानाच उन्हाळ्याचा दर वाढवा आणि मुदतही वाढवून लिहून घ्या. मालकाशी करार करताना मे महिन्याचे कामाचे दिवस पूर्ण धरू नका. तसं धरलं की पुढची सगळी घाई मजुराच्या डोक्यावर येते. ऊन लागल्यासारखं वाटतंय म्हणून सांगणाऱ्याचा खाडा लावायचा नाही, हे मुकादमाला सगळ्यांदेखत सांगा. एकदा एकाचा खाडा लागला की पुढचा माणूस सांगत नाही, थेट पडतो.

टप्पा ३: सावली, पाणी, संडास, याच क्रमाने उभारा

सावली. कामाच्या जागेपासून दोन-तीन मिनिटांत पोचता येईल अशी हवी. गेटजवळची एक ताडपत्री चौथ्या मजल्यावरच्या माणसाला उपयोगाची नाही. ताडपत्री डोक्याला टेकेल इतकी खाली बांधू नका, खाली गरम हवा कोंडते. हिरवी जाळी दुहेरी, उंच, आणि दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या. कोरड्या हवेत कूलर छान चालतो. एक मोठा कूलर आणि वाळ्याच्या ताट्या तळमजल्याच्या खोलीत लावल्या तर दुपारची झोप नीट होते. टिनाच्या शेडमध्ये नुसता पंखा लावाल तर तो गरम हवाच अंगावर मारतो. अंग ओलं असेल तरच पंख्याचा फायदा.

पाणी. हिशेब करा, अंदाज नको. उन्हात मेहनत करणाऱ्याला दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. सात तासांच्या कामाला सात लिटर. दुपारचं पिणं, तोंड धुणं, गमछा भिजवणं धरून माणशी १० लिटर. वीस माणसांची साइट असेल तर २०० लिटर, म्हणजे २० लिटरचे १० जार. बहुतेक साइटवर वीस माणसांत तीन जार येतात. आता समजलं ना पाणी का संपतं?

- जार गेटवर नको, ज्या मजल्यावर काम तिथे. वर न्यायला एक माणूस नेमा, त्याला त्याचीच रोजी द्या.
- रांजण किंवा माठ ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत. कोरड्या हवेत याहून स्वस्त फ्रीज नाही.
- झाकण, लांब दांड्याचं ओगराळं आणि प्रत्येकाची स्वतःची बाटली. सगळ्यांनी एकच ग्लास बुडवला तर आठवड्यात जुलाब सुरू होतात, आणि जुलाब झालेल्या माणसाला ऊन लवकर लागतं.
- क्युरिंगच्या टाकीतलं पाणी पिण्याचं नाही. टाकीवर तसं रंगवा.
- पिण्याच्या पाण्याची जागा संडास-मोरीपासून किमान ६ मीटर लांब. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातच ही अट होती.

संडास. सगळ्यात कमी बोललं जातं ते हे. आडोसा नसला की रेजा (बायका मजूर) सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दिवसभर डोक्यावर घमेलं वाहणारी बाई सहा तास कोरडी राहते आणि आपण म्हणतो, ‘बायकांना चक्कर लवकर येते.’ दार, कडी आणि आत पाणी असलेला वेगळा संडास बायकांसाठी आधी बांधा, मग ओआरएस आणा.

ओआरएस, ताक, पन्हं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून पाजायचं नाही, वर साखरही घालायची नाही. कालवलेलं २४ तासांनंतर फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पण जो दोन वेळा भाजी-भाकरी-चटणी खातो त्याला दिवसभर ओआरएसची गरज नसते. साधं पाणी, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी पुरतं. मिठाच्या गोळ्या तर नकोतच. बीपी, किडनी किंवा साखरेचा आजार असलेल्याने मीठ-साखरेचं पाणी डॉक्टरला विचारूनच घ्यावं.

सावधान: एका दमात दोन-तीन लिटर साधं पाणी ढोसणंही घातक असतं, रक्तातलं मीठ पातळ होतं. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. थोडं थोडं, पण तहान लागायच्या आधी.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल. तोंडात खर्रा धरलेला माणूस पाणी पीत नाही, कारण त्यासाठी तो थुंकावा लागतो. एक खर्रा अर्धा तास चालतो, म्हणजे दोन पेले बुडाले. व्यसन सोडवणं तुमच्या हातात नसेल, पण पाण्याच्या फेरीला ‘आधी थुंक, मग पी’ एवढं मुकादम म्हणू शकतो. आदल्या रात्रीची दारूही अंगातलं पाणी काढते. सकाळी ज्याचे डोळे तारवटलेत त्याला स्लॅबवर पाठवू नका.

आणि कांदा. खिशात ठेवायचा तर ठेवा, जेवणात तर जरूर खा. पण कांद्याच्या भरवशावर कोणी २ वाजता स्लॅबवर चढू नये.

टप्पा ४: नवा माणूस, पाच दिवसांत भार चढवा

ठिय्यावरून (मजूर मिळतात त्या नाक्यावरून) सकाळी आणलेला धट्टाकट्टा पोरगा पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करतो आणि तिसऱ्या दिवशी पडतो. यात नवल नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात: घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. त्याआधी ताकदीचा काही उपयोग नसतो. अमेरिकेतल्या ओशा या सरकारी संस्थेने नोंदवलंय की उघड्यावर काम करताना ऊन लागून दगावणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण कामाच्या पहिल्या काही दिवसांतलेच असतात.

तिथल्याच नायॉश या संशोधन संस्थेचा नियम साधा आहे आणि आपल्याकडेही चालतो. अगदी नव्या माणसाला उन्हातल्या कामाचा पहिल्या दिवशी २० टक्के वेळ, मग रोज २० टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. सात तासांच्या हिशेबाने पहिल्या दिवशी साधारण दीड तास, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी साडेपाच. उरलेल्या वेळात सावलीतलं काम: बाइंडिंगची तार कापणं, कव्हर ब्लॉक पाडणं, प्लेटा घासणं. रोजी पूर्ण द्यायची, नाहीतर हा टप्पा कागदावरच राहील.

कामाची सवय आहे पण आठवडाभर गैरहजर होता, त्याच्यासाठी ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के. लग्नसराईत गावी गेलेले, तापातून उठलेले, थंड मुलखातून परतलेले, सगळे यात आले. ‘जुना माणूस आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. जुना मिस्त्री दहा दिवस गावी राहून आला की उन्हाच्या बाबतीत जवळजवळ नवाच असतो.

हजेरी घेताना तीन प्रश्न विचारा. रात्री झोप झाली का? ताप-जुलाब आहे का? कुठली गोळी चालू आहे? बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मानसिक आजाराची काही औषधं आणि सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या अंगाची थंड होण्याची ताकद कमी करतात. गोळी कोणी स्वतःहून बंद करायची नाही; माणसाला सावलीतलं काम द्यायचं. गरोदर बाईला उन्हातलं वजन द्यायचंच नाही.

तपासा: हजेरीवहीत नावापुढे ‘नवा, दिवस १’ असं लिहिताय का? लिहिलं नाही तर तिसऱ्या दिवशी कोण कितव्या दिवसावर आहे ते कोणालाच आठवत नाही.

टप्पा ५: आदल्या संध्याकाळी अंदाज बघा, तेव्हाच ठरवा

हवामान विभागाचा जिल्हावार इशारा रोज मिळतो. सपाट प्रदेशात पारा किमान ४० ला पोचून सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेला, किंवा सरळ ४५ ला टेकला, की उष्णतेची लाट धरतात. ४७ ला तीव्र लाट. पण लाट जाहीर होण्याची वाट बघू नका. ४२ अंशातही माणसं पडतात.

माझा नियम: पिवळ्या इशाऱ्याला वरचंच वेळापत्रक, फक्त नव्या माणसांचा भार वाढवायचा नाही. नारिंगीला स्लॅब नाही, उघड्यावरचं काम १० पर्यंत आणि दर तासाला १५ मिनिटं सावली. लालला उघड्यावर काहीच नाही, आतली कामं १० पर्यंत, मग सुट्टी. निर्णय संध्याकाळी घ्या. सकाळी २० माणसं आणि आरएमसीची गाडी दारात उभी असताना कोणीही ‘आज नको’ म्हणत नाही, तुम्हीही म्हणणार नाही.

नवतपा पाळणारे पाळतातच, २५ मेपासूनचे नऊ दिवस. पण लाट एप्रिलमध्येही येते, आणि वर्षातली पहिली लाटच जास्त वाईट, कारण तोवर कोणाचंच अंग रुळलेलं नसतं.

टप्पा ६: कपडे, आणि दिवसभराची नजर

पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, फिकट रंगाचा. बनियनवर काम करणं थंड वाटतं, पण उघडी कातडी थेट ऊन घेते. गमछा भिजवून मानेवर. हेल्मेट उन्हाळ्यातही काढायचं नाही. आत एक पातळ सुती कापड चालेल, जाड टॉवेलची घडी घातली तर हेल्मेट डोक्यावर बसत नाही आणि पडताना निसटतं. प्लास्टिकसारख्या कापडाची जाकिटं घाम कोंडतात, जाळीची घ्या. उन्हात पडलेली सळई, प्लेट, पाइप उघड्या हाताने धरायचे नाहीत, हात सरळ भाजतात. हातमोजे नसतील तर दुपारनंतर सळईचं काम काढूच नका.

मुकादमाने दर अर्ध्या तासाला एक फेरी मारायची. पण खरी नजर जोडीदाराची. प्रत्येकाला जोडी लावून द्या, कारण ज्याला ऊन लागतंय त्याला स्वतःला ते कळत नाही. डोकंच चालेनासं होतं. जोडीदाराने बघायचं ते एवढंच:

- पोटरीत, पोटात गोळे येणं. सावली, ओआरएस, आणि तासभर तरी काम नाही.
- डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, घामाने डबडबलेलं अंग, खूप थकवा. काम लगेच बंद, झोपवून पाय वर, अंग ओलं, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.
- बरळणं, उगाच चिडणं, झोकांड्या, घमेलं भलतीकडे नेणं, झटके, बेशुद्धी. हा उष्माघात. टप्पा ७ लगेच.

साधी परीक्षा: ‘काय भाऊ, कोणत्या मजल्यावर होतास? सकाळी काय खाल्लं?’ उत्तर अडखळलं, भलतंच आलं, की तो उष्माघात समजून वागायचं. चुकलात तर एक माणूस उगाच भिजेल, बाकी काही नाही.

सावधान: ‘घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही’ हे साफ चूक आहे. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग उष्माघातात कोरडं पडतं. मेहनत करता करता पडलेला मजूर बहुतेक वेळा घामाने भिजलेलाच असतो.

टप्पा ७: माणूस पडला, आधी थंड करा

शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदू, यकृत, किडनी यांना दर मिनिटाला इजा होत असते. पहिला अर्धा तास हाच सगळा खेळ. तो तुम्ही कोरड्या माणसाला गरम जीपमध्ये घालून ट्रॅफिकमध्ये घालवलात, तर दवाखान्यात पोचून फार उपयोग राहत नाही.

१. सावलीत आणा. उंचावरून पडला असेल तर ओढू नका, आहे तिथेच सावली धरा आणि मान हलू देऊ नका.
२. एकाने १०८ लावायचा, एकाने गेटवर उभं राहायचं. दोघांची नावं आधीच ठरलेली हवीत.
३. जवळचे चालू कटर, वायब्रेटर, एक्स्टेंशन बोर्ड बंद करून बाजूला. आता पाणी वापरायचं आहे.
४. हेल्मेट, बूट, बेल्ट, शर्ट काढा. बाई असेल तर दोन रेजांनी साडीचा आडोसा धरायचा, पण संकोचात वेळ घालवायचा नाही.
५. क्युरिंगचा पाइप आणा. पाइप उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं पाणी चटका देण्याइतकं गरम निघतं. ते आधी जमिनीवर सोडा, थंड यायला लागलं की डोक्यापासून पायापर्यंत सतत. हौद किंवा मोठं पिंप जवळ असेल तर त्यात बसवणं सर्वांत चांगलं. डोकं पाण्याबाहेर, दोघांनी धरून.
६. एकाने प्लायच्या तुकड्याने जोरात वारा घालायचा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून काखेत, मानेला, जांघेत. नुसती कपाळावर पट्टी म्हणजे काहीच नाही.
७. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडातून काहीही नको, पाणीसुद्धा. उलटी होत असेल तर कुशीवर.
८. श्वास बंद असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

तापाची गोळी देऊ नका. हा ताप तिने उतरत नाही, उलट यकृतावर भार पडतो. झटका आला तर हातात चप्पल, नाकाशी कांदा, दातांत चमचा हे काही करायचं नाही. डोक्याखाली गमछा ठेवा आणि पाणी चालू राहू द्या.

गाडी आली तरी भिजवणं थांबत नाही. गाडीत दोन बाटल्या पाणी, ओला गमछा, काचा उघड्या. शुद्धीवर येऊन ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. आतल्या अवयवांची इजा दुसऱ्या दिवशीही दिसू शकते.

तपासा: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात याची एकदा खोटी तालीम करा. पाइप कुठे आहे, बर्फ कुठल्या दुकानात मिळतो, १०८ वाल्याला पत्ता सांगताना जवळची खूण कोणती सांगायची, हे तेव्हा कळतं.

परत कामावर घेताना डॉक्टरचा होकार हवा, आणि मग तो माणूस हजेरीवहीत ‘नवा, दिवस १’.

टप्पा ८: रात्रीची झोप

दिवसभर तापलेलं अंग रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी माणूस अर्धा हरलेलाच येतो. मजुरांच्या टिनाच्या खोल्या रात्री ११ पर्यंत धग सोडतात. टिनावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात, त्यावर वीतभर अंतर ठेवून हिरवी जाळी, आणि समोरासमोर दोन झरोके. खर्च फार नाही. त्याहून सोपं म्हणजे आधीच उभा असलेला तळमजला झोपायला मोकळा करून देणं, मच्छरदाणी आणि एक बल्ब लावून. संध्याकाळी आंघोळीला पाणी हवंच. लहान मुलं साइटवर असतील तर त्यांची दुपारही याच थंड खोलीत. मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि ती सांगत नाहीत.

कोकण आणि गोव्यासाठी

ठाणे, पनवेल, रत्नागिरी, पणजी इथे पारा कमी, पण हवा दमट. घाम येतो, वाळत नाही. आणि अंग निवतं ते घाम वाळल्याने. म्हणूनच किनाऱ्यावर ३७ अंशांपासून लाट धरायला सुरुवात होते. कूलर आणि ओला गमछा इथे फारसे कामाचे नाहीत. पंखा, मोकळा वारा आणि जास्त वेळा विश्रांती यावर भर द्या, आणि ३५ अंश वाचून ‘आज काही नाही’ म्हणू नका. टप्पा ७ मात्र तसाच्या तसा.

जूनचे पहिले दोन आठवडे

विदर्भात मृगाचं आभाळ आलं की वेळापत्रक गुंडाळून सगळे पुन्हा ९ ते ६ वर येतात, कारण पावसाआधी छत उरकायचं असतं. पारा ४५ वरून ४० ला उतरलेला असतो, पण हवेत दमटपणा आलेला असतो आणि कूलरने काम करणं सोडलेलं असतं. याच दिवसांत घाई, जादा पाळी आणि ठिय्यावरची नवी माणसं असं सगळं एकत्र येतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन रात्री गार पडायला लागेपर्यंत ११ ते साडेचार बंदच ठेवा, आणि छतासाठी आणलेल्या नव्या टोळीलाही पाच दिवसांचा हिशेब लावा. तेवढे दिवस हाताशी नसतील तर नवी टोळी आणू नका, जुनीलाच दोन पाळ्यांत वाटा.